कुंचीवाल्या पाद्र्याचा चेहरा

तलवार मास्तरांना माणूस समोर बसल्याशिवाय चेहरा काढता येत नसे. ते मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि अमरावतीच्या आमच्या साप्ताहिकात दर शनिवारी त्यांची चित्रकथा येई. पोर्तुगीजांची वसई, बुरुजावरून थेट घोड्यावर उडी घेणारा सर्जेराव, आणि चर्चच्या तळघरात कारस्थानं रचणारा पाद्री. माणसं मात्र सगळी अमरावतीची. मिशा पिळणारा फिरंगी कप्तान म्हणजे आमचे सोडावॉटरवाले रहीमचाचा. "मास्टर, इस हफ्ते मेरेकू मारना मत," ते विनवायचे, "गिऱ्हाईक बढ़ गया है." मास्तरांनी त्यांना तीन महिने जिवंत ठेवलं.

पाद्र्याचा चेहरा तेवढा कधी दिसला नाही. डोक्यावर पुढे ओढलेली काळी कुंची आणि आत अंधार. मी साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो, तरी मलाही मास्तर दाद लागू देत नसत. "मॉडेल भेटलं नाही अजून," एवढंच म्हणायचे आणि चित्रांची गुंडाळी काखेत मारून छपाईचे धातूचे ब्लॉक करून घ्यायला अकोल्याची गाडी पकडायचे. एरवी भलता बडबड्या माणूस, पण हा विषय निघाला की पानाचा डबा उघडून बसे.

दिवाळीनंतर कथेत एक विधवा आली. तुझ्या नवऱ्याने मरताना माडांची वाडी चर्चला दिली, असा खोटा कागद पाद्री तिच्यासमोर धरतो. विधवेचा चेहरा मार्थाबाईंचा होता. मार्थाबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करत. त्यांच्या नवऱ्याची संत्र्याची बाग अशाच एका कागदाने मिशनकडे गेली होती. इतके दिवस हसत वाचणारं गाव एकदम गप्प झालं. अंक मात्र दुपारच्या आत संपू लागले.

मग एक दिवस मिशनचे मॅनेजरसाहेब छापखान्यात आले.

"कुंचीखाली कोनाचा चेहरा काढून राहिले तुमचे मास्तर?"

मला ठाऊक नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी अंकाची नीट घडी घातली. "त्याईची बायको आमच्या दवाखान्यात हाये. छातीचं दुखणं. तिथून हलवली तं जगत नाही म्हन्ते डॉक्टर." जाताना नमस्कारही केला.

मी मास्तरांना हे सांगितलं, कुंची उघडू नका म्हणून विनवलं. ते खिडकीच्या काचेत बघू लागले. "मॉडेल भेटलं, भाऊ," म्हणाले.

शेवटच्या भागाचे ब्लॉक मास्तर स्वतः अकोल्याहून घेऊन आले. त्यांचा ठसा काढून मी पहिला कागद उचलला. मॅनेजरसाहेबच दिसणार असं मी धरून चाललो होतो. कुंचीखाली मास्तर होते. खोल गेलेले गाल, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं हुबेहूब.

"मेल्या मानसाचा आंगठा मीनं धरून उठवला होता बागेच्या त्या कागदावर," ते म्हणाले. "नोकरीच्या भेवानं. तोंडानं सांगाची हिंमत नाही माह्यात. साहेबाचा चेहरा काढला असता तं मी सुटलो असतो. मले सुटाचं नाही. छापा."

मी छापला नाही. ते गेल्यावर कोरणी घेऊन ब्लॉकवरच्या चेहऱ्याच्या रेषा माझ्या हाताने खरवडून काढल्या. त्यांच्या बायकोसाठी केलं, असं मी स्वतःला सांगतो. भीती माझीही होती. शनिवारी कुंचीच्या आत एक पांढरा डाग छापून आला.

"तुमी मले वाचवलं, भाऊ," मास्तर म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर त्यांनी पेन्सिल धरली नाही. बायकोला बरं वाटल्यावर तिला घेऊन अकोल्याला गेले आणि पुन्हा भेटले नाहीत.

त्याच शनिवारी मार्थाबाई छापखान्यात आल्या होत्या. त्यांना वाचता येत नसे, चित्रं बघायच्या. त्या पांढऱ्या डागावर त्यांनी बोट ठेवलं.

"कोन निंघाला, भाऊ?"

"माहीत नाही, बाई," मी म्हणालो.