कवडूचे पळस

सौंसरला नाल्याकाठचं जंगल राखून नगरपालिकेने बगिचा केला, तेव्हा राखणदार म्हणून बोरगावचा कवडू आला. आम्ही बायका सकाळी नाल्याच्या पायवाटेने फिरायला जायचो. त्या वाटेच्या कडेने त्याने पळसाची रोपं लावली होती. खांद्याला लागली, पण फूल अजून एकालाही नव्हतं.

"पळस कोणी लावते का बाप्पा?" त्याची बायको कलाबाई म्हणायची. "गुलाब लावा. लोक म्हणतीन तरी, कवडूनं काही केलं."

"फुलू दे, मंग बोल!"

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. आदल्या पोळ्याला त्यापायी अर्धी रोपं लोकांनी मोडून नेली होती. यंदा तसं झालं असतं, तर एकही उरलं नसतं.

म्हणून सणाच्या सकाळीच कवडूने माळावरून बंडीभर फांद्या आणल्या आणि फाटकावर उभा राहून वाटल्या. "घ्या बाई, पण आत जाऊ नका." संध्याकाळी रोपाचं एक पान तुटलेलं नव्हतं. स्वारी मिशीला पीळ देत घरी गेली.

एकच गोष्ट विसरला. दुसऱ्या दिवशी पहाटे हेच मेढे उचलून, "रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत" असं ओरडत वस्तीबाहेर फेकायचे असतात. आणि आमची वस्ती संपते ती नाल्याशी.

उजाडलं तर पायवाट दिसेना. गावभरचे मेढे वाटेवर, पाण्यात आणि रोपांच्या अंगावर. काही रोपं पार भुईला टेकली होती. झाडूवाले हात लावेनात. दुसऱ्याची इडापिडा कोण उचलणार?

कलाबाई कडाडली, "हात लावसान तं घरात येऊ नका! साऱ्या सौंसरचा खोकला हाय त्यात!"

"मंग काय, रोपं मरू देऊ?"

धोतर खोचून कवडू एकटाच ओढायला लागला. दुपार कलली तेव्हा शेवटचं रोप काठीला बांधून त्याने उभं केलं. बघतो तर कोरडं धोतर घेऊन कलाबाई वाटेत आडवी.

"आंधी नाल्यात डुबकी मारा."

"पानी थंडं हाय ना वं! मरून राहिलो मी."

"मारा म्हनतो ना!"

कवडूने डुबकी मारली, वर आला आणि सणसणीत शिंकला.

कलाबाई धोतरासकट दोन पावलं मागे सरली.

"आनखी एक मारा!"