ओळखीचा कुत्रा

"हे कुत्रं आपलं हाये. नीट बघून ठेवा. काही केलं तं दुसऱ्या कोणाकडं जाऊ नका, माझ्याकडं या."

घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवण्याआधी तो मेंढपाळ आजूबाजूच्या प्रत्येक वस्तीवर जाऊन हे सांगून येई. हातात दोरी, दोरीला कुत्रा. १९९०च्या आसपासची चार-पाच वर्षं तो वडीगोद्रीजवळच्या माझ्या वावरात मेंढ्या बसवायला येत होता. ज्वारी निघाली की त्याचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, पडे. रोज जाळीचं कुंपण थोडं पुढं सरकवायचं, मेंढ्या नव्या जागेवर बसवायच्या. महिन्याभरात सगळ्या वावराला खत मिळे. मी अंबडला राहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे आणि सुट्टीच्या दिवशी वावरात जात असे.

माझ्या बांधकऱ्याची, म्हणजे बांधापलीकडच्या शेतकऱ्याची, बायको पहिल्या वर्षी त्याला म्हणाली, "बाबा, लोकं सुनेची वळख करून देत न्हाईत अन् तुम्ही कुत्र्याची देऊन राह्यले."

"सून चावत न्हाई, माय," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत," ती म्हणाली.

मेंढपाळांचे तळ तुम्हीही पाहिले असतील. कुत्री मोकळी असतात आणि वाटसरू लांबून जातो. इथं उलट होतं. हा माणूस आधी विचारी, "मालक, बायकांची पाण्याची वाट कुठून जाते?" आणि त्या वाटेपासून लांबच्या लिंबाला कुत्रा साखळीनं बांधी. मेंढ्यांमागं न्यायचा तर गळ्यात लोढणं, म्हणजे पायात अडखळणारं लाकूड, की कुत्र्याला कोणाच्या मागं धावता येऊ नये. पाणी वेगळ्या पातेल्यात. विहिरीवरच्या हौदाला त्याचं तोंड लागू देत नसे. वाटेवर त्यानं घाण केली तर खोऱ्यानं उचलून वावरात पुरी. कुत्रा भुंकला की म्हणे, "बास झालं. लोकाच्या रानात हायेस."

गावात निदान पंधरा कुत्री मोकळी फिरत. त्यांना लोक भाकरी टाकत, नावानं हाकही मारत. ती कोणाची, असं विचारलं की उत्तर नसे.

शेवटच्या वर्षी, सकाळी दहाच्या सुमारास, बांधकऱ्याचं नऊ वाजता चरायला सोडलेलं करडू नाल्यात फाडलेलं सापडलं. त्या वेळी मी लिंबाखाली चहा पीत बसलो होतो. कुत्रा माझ्यापासून चार हातांवर, साखळीला. मी आल्यापासून, म्हणजे आठपासून, तो तिथून हललेला नव्हता.

दुपारी चावडीसमोर माणसं जमली.

"कुत्रं पाह्यलं का?" सरपंचांनी विचारलं.

"पाह्यलं न्हाई," बांधकरी म्हणाला. "पण या रानात कुत्रंवाला एकच माणूस हाये."

"गावात पंधरा हायेत," मेंढपाळ म्हणाला.

"ते कोणाचेच न्हाईत. तुम्हीच म्हनले होते ना, काही झालं तं माझ्याकडं या? मंग आलो."

मी वेळ सांगितली, जागा सांगितली, साखळी सांगितली. पुन्हा सांगितली. बांधकरी माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊच्या वावरात खत पडून राह्यलं. ते तसंच बोलणार."

माझा हितसंबंध होता, हे खरं होतं. बातमीदार म्हणून असा साक्षीदार मीही कच्चा धरला असता. त्यानंतर माझं कोणी ऐकलं नाही. कुत्रा मारा, नाही तर वाडा उचला, असं ठरलं. नाल्यात जाऊन बघण्याची तसदी कोणी घेतली नाही.

"याच्याबिगर मेंढ्या राखता येत न्हाईत," तो म्हणाला. "मारायचं तं बिलकुल न्हाई. सोडून दिलं तं हे बी मोकाटच होईल, मंग तुम्हाला बरं वाटंल." काही लोक हसले. तो हसला नाही.

संध्याकाळच्या आत घोडी लादली गेली. मी म्हणालो, दोन दिवस थांबा, मी पुन्हा बोलतो. तो जाळी गुंडाळत होता. "तुम्ही बोलले की, मालक. बराबर बोलले." हे दिलासा म्हणून होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवाची बातमी मी पाठवली. आतल्या पानावर चार ओळी आल्या. गावात ती कोणी वाचल्याचं दिसलं नाही.

पाचव्या दिवशी बांधकऱ्याचं दुसरं करडू गेलं. या वेळी त्याच्या बायकोनं डोळ्यांनी पाहिलं. गावातलीच तीन कुत्री. बांधकरी माझ्याकडं आला.

"आता कोणाकडं जावं, भाऊ?"

"ज्याची भाकरी खातात त्याच्याकडं," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण बोललो.

त्यानं विचारलं, "बाबा कुठं उतरलेत?" मी सांगितलं, माहीत नाही. तो सायकल घेऊन शहागडपर्यंत जाऊन आला. वाडा पूल ओलांडून गोदावरीपलीकडं गेला होता. त्यापुढचं कोणाला सांगता आलं नाही. मेंढपाळ पुन्हा आमच्या भागात आला नाही.

त्या पावसाळ्यात बाजरी पेरली. मेंढ्या अर्ध्याच वावरात बसल्या होत्या. श्रावणात तिथली बाजरी छातीला लागली आणि उरलेल्या अर्ध्यातली मांडीएवढी राहिली. मधली रेघ सरळ होती. बांधकरी रोज आपल्या बांधावरून ती बघत जायचा.