हाव म्हणायचं नाही

माझ्या हातात चहाचा कप होता आणि माझ्यासमोरच माझ्या जागी दुसरा माणूस आणायची चर्चा चालली होती. चर्चा करणाऱ्यांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट मीही दोन शब्द बोलावेत अशी त्यांची अपेक्षा होती.

कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाचे जेवढे म्हणून चाहते आहेत ते सगळे तिथे सापडतात. आदल्या आठवड्यात यवतमाळला आम्ही आंतरमहाविद्यालयीन फायनल दोन गुणांनी हरलो होतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा फायनलला पोचलो होतो, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन गुण मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिले.

"मॅडम, तुमी वाईट वाटून घेऊ नका," कृषी केंद्राचा मालक म्हणाला, "पण आता टीमले प्रोफेशनल माणूस पाहिजे."

"एक कोच हाय नं, टीव्हीवरच्या लीगमंधी दोन टीमा शिकवल्या म्हणते त्यानं," काळीपिवळी जीप चालवणारा म्हणाला. हा एकेकाळी आमच्याच कॉलेजकडून खेळलेला. "आता रिटायर होऊन घरी बसून राह्यला. बोलावलं तं येईन."

"अनुभव तो अनुभवच," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. "घरच्या घरी शिकून पोरी कुठवर जातीन?"

टपरीवाला एकटा माझ्या बाजूने बोलला. "काहून? मॅडमनं काय वाईट केलं?"

"वाईट नाही केलं हो, पण..."

त्या 'पण'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिकतं तिथे विकत नाही हे मला ठाऊक होतं. पण मी काय पिकवलं होतं हे तरी या माणसांनी एकदा पाहायचं होतं. मी या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायला आले तेव्हा मुलींचा संघच नव्हता. मी गावागावांत फिरले, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गेले. पोरगी चड्डी घालून खेळणार म्हटल्यावर बाप लोक उठून वावरात निघून जायचे आणि मी त्यांच्या अंगणात बाजेवर बसून ते परत यायची वाट पाहायची. तेव्हा यातला एकही अनुभवी माणूस माझ्याबरोबर आला नव्हता. आता उंटावरून शेळ्या हाकायला सगळे हजर होते.

माझ्या संघात निम्म्या पोरी कुणब्यांच्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या, आणि निम्म्या तांड्यावरच्या. त्यांच्या घरात बंजाऱ्यांची गोर बोली. एरवी त्या वऱ्हाडीही फाडफाड बोलतात. पण खेळताना श्वास कोंडलेला असतो, विचार करायला वेळ नसतो, तेव्हा कानाला आईची भाषा आधी ऐकू येते. वऱ्हाडीत 'हाव' म्हणजे हो. गोर बोलीत 'आव' म्हणजे ये. मैदानावरच्या गलक्यात यातला 'ह' कोणाला ऐकू येणार? पहिल्या वर्षी एक पोरगी दुसरीला विचारायची, "पकडू काय?" दुसरी म्हणायची, "हाव," आणि तिसरी, तांड्यावरची, आपल्यालाच बोलावलं समजून जागा सोडून धावत यायची. आम्ही कितीतरी सामने असे हरलो. मला ताई म्हणणाऱ्या पोरींवर मी ओरडायची, त्या रडायच्या, आणि काय चुकतंय ते कोणालाच कळत नव्हतं. कळलं तेव्हा मी नियम केला. मैदानावर हाव म्हणायचं नाही. होकार द्यायचा तर 'बरं' म्हणायचं. जी चुकेल तिने मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. तेव्हापासून हा नियम चालला. तो कुठे लिहिलेला नव्हता.

टपरीवरची चर्चा आठवडाभरात प्राचार्यांच्या खोलीत पोचली. संस्थेचे दोन सदस्यही चाहत्यांतलेच. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "एक दिवस त्या कोचची ट्रायल घेऊ. मारेगावच्या मुलींना सरावाचा सामना खेळायला बोलवू. तुम्ही सहकार्य करा." मग जरा घुटमळून म्हणाले, "आणि कोचसाहेबांच्या स्वागताची शाल आणि श्रीफळ तेवढं तुम्हीच बघा. बाकीच्यांना जमत नाही."

मी शाल आणली. दुकानात सगळ्यात टोचणारी निवडून आणली, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

तो माणूस आला तेव्हा मला आणखी राग आला, कारण तो चांगला होता. साठीचा, एका गुडघ्यात लंगडणारा, हळू बोलणारा. उद्धट असता तर माझं काम सोपं झालं असतं. शाल घेताना तो अवघडला आणि चाहते फोटो काढू लागले तेव्हा त्याने मलाही शेजारी उभं केलं. कृषी केंद्राच्या मालकाने फोटो काढताना मला म्हटलं, "मॅडम, जराशा बाजूले सरका नं, सर झाकून राह्यले." मी सरकले.

सामन्याआधी तो माझ्याकडे आला. भोवती कोणी नव्हतं.

"मॅडम, हा संघ तुम्ही नऊ वर्षं घडवलाय. मला माहीत असावं असं काही आहे का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही," मी म्हणाले. "पोरी चांगल्या आहेत."

माझा हिशेब सरळ होता. नऊ वर्षांत शिकलेलं मी एका मिनिटात याच्या ओंजळीत कायले टाकू? मोठा अनुभव आहे ना, मग कळू दे त्याचं त्याला. फार तर दोनचार गुण जातील, फजिती होईल, आणि टपरीवरच्या शहाण्यांचे डोळे उघडतील. एवढंच मला हवं होतं.

त्याने पोरींना गोल बसवलं आणि म्हणाला, "तुम्ही बचावात फार गप्प असता. एकमेकींशी बोला. घरी बोलता तसं बोला, मोठ्याने बोला, लाजू नका." पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा नीट करत होते. मागे मुख्याध्यापक म्हणाले, "पाहा, याले म्हणते कोचिंग."

पोरी आधी चाचरल्या, मग मोकळ्या सुटल्या. सगळ्या मैदानभर वऱ्हाडी आणि गोर बोलीचा कालवा झाला. काळीपिवळीवाला खुश होता. "कशा बोलून राह्यल्या आता! आतापर्यंत तं मुक्या होत्या." पहिल्या डावात एकदा डाव्या कोपऱ्यातली पोरगी उगाच दोन पावलं पुढे आली आणि थबकली. मी ते पाहिलं. दुसऱ्यांदाही पाहिलं. मी खुर्चीवरून उठले नाही.

डाव्या कोपऱ्यातली ही पोरगी तांड्यावरची, माझी सगळ्यात भरवशाची. महिनाभराने विद्यापीठाच्या संघाची निवड होती आणि तिथे ती पोचणार यात कोणाला शंका नव्हती. दुसऱ्या डावात मारेगावची उंच पोरगी चढाईला आली. आमच्या मधल्या पोरीने तिच्यावर झेप घ्यायची ठरवली आणि शेजारणीला विचारलं. शेजारीण जोरात ओरडली, "हाव!" कोपऱ्यातली पोरगी आपली जागा सोडून जीव खाऊन धावली. झेप घेणारीचा खांदा आणि हिची मान एकमेकांवर आदळली. आवाज माझ्यापर्यंत आला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात ती रडली नाही. पट्टा बांधून होईपर्यंत त्या माणसाला एकच सांगत होती, "सर, मले आव ऐकू आलं. मले वाटलं मलेच बोलवून राह्यली. ताईनं तं मैदानावर हाव म्हणाचं बंदच केलतं."

त्याने तिला नीट विचारून घेतलं. हाव म्हणजे काय, आव म्हणजे काय, बंद कधी केलं. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. प्राचार्य तिथे होते, मुख्याध्यापक होते, पोरीची आई होती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी मॅडमना आधी विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही."

आणि तो गेला. प्राचार्यांना त्याने कळवलं की प्रकृतीमुळे एवढ्या लांब येणं जमणार नाही.

टपरीवर वारं फिरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. "भायेरच्या माणसाले आपल्या पोरी काय समजते?" कृषी केंद्राचा मालक म्हणाला. "मी तं पयलेच म्हटलं होतं," मुख्याध्यापक म्हणाले, ज्यांनी पयले भलतंच म्हटलं होतं. मग एका दुपारी त्यांनी माझाच सत्कार केला. शाल मऊ होती. मी टपरीपाशी उभी राहून म्हणाले, "मले माहीत होतं. मी त्याईले मुद्दाम सांगितलं नाही."

काळीपिवळीवाला हसला. "मॅडम, तुमी भी नं. मनाले लावून घेऊ नका." आणि डाव्या कोपऱ्यात आता कोणाला उभं करायचं यावर त्यांचा वाद सुरू झाला. मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. त्यांना माझं खरं नको होतं. त्यांना फक्त कोपरा भरायचा होता. पण राग करायला मला तोंड तरी कुठे होतं? मीही त्या खुर्चीवर बसून तेच केलं होतं. कोपऱ्यात पोरगी उभी आहे हे विसरून मी माझी जागा सांभाळत होते.

निवडीच्या दिवशी मी तांड्यावर गेले. दुसऱ्या गावची पोरगी तिच्या जागी निवडली जात होती तेव्हा ही ओसरीवर हात गळ्यात बांधून बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी बसवलं. तिथे सांगून टाकायचं असं ठरवूनच मी आले होते. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

"ताई, तुमी काहून एवढ्या उतरल्या?" तीच मला म्हणाली. "तुमचा काय कसूर? त्या सरनं एक डाव विचारलं असतं तुमाले, तं हे झालंच नसतं. एवढा मोठा माणूस, पण विचारलं नाही."

तिच्या आईने चहा आणून ठेवला. दोघीही माझ्याकडे पाहत होत्या, आणि दोघींच्याही नजरेत माझ्यावर एवढासाही राग नव्हता. मी चहा बशीत ओतला, प्याले, आणि म्हणाले, "जाऊ दे बाई. मोठ्या माणसाईचं असंच असते."