चिखलावरच्या पऱ्हाट्या

लेखणी हाती धरण्याचा माझा अधिकार तो काय! तरीही नांदगाव खंडेश्वरजवळ रोज भेटणाऱ्या एका भाजीवालीविषयी लिहिण्याचे धाडस करतो. तिचे नाव विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. तिथे बसथांब्याच्या सुशोभीकरणाचा, पुढाऱ्याच्या नावाचा भव्य फलक आहे. थांबा मात्र नाही. पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतण्याच्या भयाने एसटी थांबेना, म्हणून ही बाई कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या तिथे अंथरू लागली.

एकदा पाहणीस आलेली सरकारी गाडी नेमकी तिथेच, पण पऱ्हाट्या चुकवून रुतली. मागून अमरावतीची एसटी येत होती आणि हिच्या टोपल्या वांग्यांनी भरलेल्या.

"आजी, थांब्यासाठी रीतसर अर्ज करा ना," साहेब आतूनच म्हणाले.

"अर्जानं चाक निंघते काय, सायेब? तुमचा थांबा येईन तवा येईन. माह्या वांग्याले आजच जा लागते!"

पदर खोचून तिने चाकांखाली पऱ्हाट्या सारल्या. गाडी निघाली, एसटी थांबली, टोपल्या चढल्या. तिच्यामागून चढताना वऱ्हाडी असल्याचा मला फार अभिमान वाटला.

त्या फलकावर खरे तर कोणाचे नाव हवे?