गयाबाईंची आडवी पेरणी

कृषी खात्यातला माणूस रिटायर होतो, किस्से होत नाहीत. नेकनूरकडं नुकताच एसटीडी बूथ आला होता, त्या काळात मी तिथं कृषी सहायक होतो. माझ्या वाट्याला आप्पा आणि गयाबाई हे जोडपं आलं. सातबारा आप्पांचा, राबणं गयाबाईंचं!

*

उताराला आडवं पेरा, पाणी अडेल, माती वाहणार नाही, हे सांगायला मी बैठक घेतली. बोलावणं फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारांना, म्हणजे सगळे पुरुषच. आप्पा पहिल्या रांगेत. मी विचारलं, मागल्या साली तुरीचं बी कोणतं पेरलं? आप्पांनी मान खाजवली. "घरी इचारून सांगतो." बाकीच्यांचंही हेच उत्तर!

*

आडवी पेरणी आप्पांना पसंत नव्हती. त्यांचं रान रस्त्याकडेला आणि सरळ तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, धरण्यात त्यांचं नाव. तास वळणानं गेले तर एसटीतले लोक काय म्हणतील, ही काळजी! शेवटी टेकाडामागचा तुकडा, जो एसटीतून दिसतच नाही, तो गयाबाईंनी आडवा पेरून घेतला. पुढं पावसानं दडी मारली. रस्त्याकडचं रान सुकलं, मागचं हिरवंगार राहिलं.

*

ते बघायला जिल्ह्याचे साहेब आले. सत्कार अर्थातच खातेदाराचा. आप्पा फेटा बांधून पुढं निघाले आणि माहिती देत देत साहेबांना थेट शेजाऱ्याच्या रानात घेऊन गेले! गयाबाई बांधावरून म्हणाल्या, "अवं, आपलं रान हिकडं हाय." मला हसू आवरेना, पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून वाईटही वाटलं.

*

पुढच्या साली आप्पा म्हणाले, आता सगळंच आडवं पेरू. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय तेव्हा सरकारनं केली होती. गयाबाईंनी अट घातली, आधी नाव. आप्पा म्हणाले, भावकी हसेल. मग पेरा तुमचं तुमी, म्हणून बाई घरात बसल्या.

आमच्याकडं पेरणीची तिफण पुरुषानं हाकायची, पण चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या नरसाळ्यावर, मूठ धरून बी सोडायचं काम बाईचं. आप्पांनी तिफण जुंपली आणि भावजया, चुलत्या, शेजारणी, सगळ्यांना विचारलं. गावातल्या एकजात बायांना नेमकं दुसरं काम निघालं. दोन दिवस बैल नुसते उभे.

तिसऱ्या दिवशी आप्पा तलाठ्यासमोर. मीही तिथंच होतो. तलाठ्यानं विचारलं, बायकोच्या नावावर निम्मी जमीन लावायची का सगळी?

आप्पांनी खिडकीतून वर बघितलं आणि म्हणाले, "समदी लावा, पन लवकर. आभाळ आलंय."