भालेवाल्याचं घोडं कुठे पेंड खातंय

कौलताईंना कौलताई म्हणतात, कारण गेल्या सतरा वर्षांत त्यांनी काढलेली कौलं मोजली, तर एका मध्यम गावाची सगळी छपरं शाकारून वर चार उरतील. त्या ‘मांगा’ काढणाऱ्या एका स्टुडिओत कामाला आहेत. मांगा म्हणजे चौकटी-चौकटींतून सांगितलेली जपानी धाटणीची चित्रकथा. त्यांची मालिका दर महिन्याला मासिकात येते आणि गेली एकोणीस वर्षं येतेच आहे. सात राज्यं, तीन राक्षससेना, आणि एवढे ड्रॅगन की त्यांची मोजदाद खुद्द सरांनाही जमत नाही.

सर म्हणजे मालिकेचे कर्ते. साठीचे, एकटे, अबोल. स्टुडिओचा नियम पहिल्या दिवसापासून एकच: माणसं सरांची, बाकीचं जग मदतनिसांचं. सर आधी पेन्सिलीने माणसं काढून वरून शाईने गिरवतात, मग पान शेजारच्या टेबलावर सरकतं. धूर, आग, स्फोट हे दुसऱ्या मदतनिसाचं, धूरकाकांचं खातं. भिंती, छपरं, जिने, भांडीकुंडी कौलताईंची.

आता या मालिकेत जमायची राहिलेली प्रेमप्रकरणंच तीन. राजकन्या आणि आचारी. जहाजाचा कप्तान आणि त्याची नकाशे काढणारी. आणि सगळ्यांत जुनं, भालेवाला आणि वैद्यीण. भालेवाला पहिल्या वर्षीच वैद्यिणीच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "मला तुला काहीतरी सांगायचंय," आणि तेवढ्यात ड्रॅगन आला. त्यानंतर तो तेच वाक्य अकरा वेळा बोलला. एकदा भूकंप झाला, एकदा हरवलेला भाऊ सापडला, बाकी नऊ वेळा ड्रॅगन. वाचक पत्रांतून विचारायचे की याचं घोडं कुठे पेंड खातंय. ज्या पोरी शाळेत असताना ही पत्रं लिहायच्या, त्यांची स्वतःची लग्नं होऊन मुलं शाळेत जायला लागली.

कौलताईंना मात्र पत्र लिहायची गरज नव्हती. त्यांच्या हातात वैद्यिणीचं घर होतं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तेच घर पुन्हा काढताना त्यांच्या मनात आलं, ही बाई सोळा वर्षं एकाच पेल्यात काढा पितेय. त्यांनी शेजारी दुसरा पेला काढला. कोणी काही म्हणालं नाही. पुढच्या महिन्यात दाराशी मोठ्या मापाचे बूट. मग खुंटीवर दुसरी घोंगडी. मग एक उंच फळी आणि तिच्यावर औषधाच्या बरण्या. वैद्यीण बुटकी, तिचा हात तिथवर पोचणं शक्य नाही. खिडकीच्या मोडक्या झडपेला त्यांनी नवा खिळा ठोकला, तोही जरा वाकडा, कारण भाला चालवणाऱ्या माणसाला हातोडी कुठली यायला! हे कुणाला सांगायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

फुटलं ते एका पत्रामुळे. सर चहाच्या वेळी पत्रं मोठ्याने वाचत. त्यात एका वाचकबाईने पानं आणि चौकटींचे आकडे देऊन यादीच केली होती. पेला, बूट, घोंगडी, फळी, खिळा. खाली लिहिलं होतं, "सर, या दोघांनी तीन वर्षांपूर्वीच गुपचूप संसार थाटलाय, हे आम्ही ओळखलं. एक शब्दही न लिहिता तुम्ही ते दाखवलंत. धन्य आहात."

"काहीही बघतात लोक," सर हसले. मग हसू थांबवून त्यांनी जुने अंक मागवले. एक उघडला, दुसरा उघडला, भिंग घेतलं. धूरकाका एकदम आपल्या धुरात बुडून गेले.

"कौलताई, हा दुसरा पेला कोणाचा?"

"पाहुणेबिहुणे येत असतील, सर."

"आणि बूट काढून ठेवून अनवाणी परत जातात?"

कौलताईंनी टाक खाली ठेवला. "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण ते घर मला रिकामं काढवेना."

सर उठले. अंक उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सतरा वर्षांत ते दार कामाच्या वेळी कधी लागलं नव्हतं.

घरी कौलताई ताटातली भाकरी नुसती मोडत बसल्या. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला काढून टाकतील का हो?"

"मी एकदा एका लिफ्टमध्ये न विचारता आरसा बसवला होता, आठवतं? साहेब खवळले. मग लोक आरशात बघण्यात रमले आणि लिफ्ट हळू चालते ही तक्रारच बंद झाली."

"ती लिफ्ट होती. हे त्यांच्या जन्माचं काम आहे."

"मग नक्की काढतील," नवरा म्हणाला आणि त्यांच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा उचलून खाऊ लागला. "पण काढून जातील कुठे? एवढी कौलं त्यांना कोण काढून देणार?"

सकाळी त्या आपले टाक आणि पट्टी गुंडाळून न्यायला कापडी पिशवी घेऊनच गेल्या. सर त्यांच्या टेबलाशी उभे होते. टेबलावर कोरं पान. चौकटी आखलेल्या, माणूस एकही नाही.

"आज आधी तुम्ही घर काढा," सर म्हणाले. "माणसं मी नंतर बसवतो."

"म्हणजे... मी जायचं नाही ना, सर?"

"कुठे जायचं?" सरांना खरंच कळलं नाही. मग ते खुर्ची ओढून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्या ड्रॅगनचं सांगतो. मी भालेवाल्याला तोंड उघडायला लावतो, आणि पुढे ते दोघं काय करतील हे मला सुचतच नाही. हात कुठे ठेवतात, बघतात कुठे. खवले मात्र सुचतात. मग आणतो ड्रॅगन."

कौलताईंनी घर काढलं. चुलीशेजारी एक बाक, दोघं मावतील एवढा, तिसऱ्याला जागा नाही असा. सर तीन दिवस त्या बाकावर दोघांना बसवत आणि खोडत राहिले. रबराचा चुरा पायरीपर्यंत गेला.

"फोटोवाल्याकडे आलीयत ही दोघं," सर वैतागून म्हणाले. कौलताईंनी मान डोलावली. खोटं कशाला बोला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा त्यांना न्यायला आला. सरांनी त्याला दारातच धरलं. "बसा इथे दोघं. पाच मिनिटं. बोला काहीतरी."

दोघं दाराजवळच्या, चपला काढायच्या बाकावर बसली. ताठ. समोर सर वही घेऊन.

"काय बोलू?" नवरा कुजबुजला.

"मला काय विचारता? काहीही बोला."

"हवा बरी आहे."

धूरकाकांना खोकला आला. कौलताईंनी मान वळवली आणि त्यांची नजर नवऱ्याच्या शर्टावर गेली. "अहो, हे बटण कधीपासून तुटलंय?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार! या अवतारात फिरलात लोकांच्या इमारतींतून? मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू या बाकाच्या काळजीत होतीस. म्हटलं, कशाला त्यात बटण!"

"बटणाला काय काळजी लागते? पुढे व्हा जरा. दोराही लोंबतोय." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून तोडला. तेवढ्यात नवऱ्याने, फरशीवर शाई सांडलेली दिसली म्हणून, त्यांची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली होती. त्यांना ते कळलंही नाही. सरांचा हात मात्र भराभर चालला होता.

त्या महिन्याच्या भागात भालेवाला वैद्यिणीच्या बाकावर बसला आहे, मांडीवर तिची मुळ्यांची झोळी. ती त्याच्या चिलखताचा तुटलेला पट्टा बघून त्याला झापते आहे.

"आठ दिवस झाले तुटून? मग यायचं नाही का?"

"आता राहायलाच आलोय."

शेवटची चौकट तेवढीच.

"सर, धूर कुठे काढू?" धूरकाकांनी पान उलटंपालटं करून विचारलं.

"धूर नाही."

"चुलीचा तरी?"

"चुलीचा काढा. थोडा."

अंक बाजारात आला, तेव्हा पत्रांची दोन पोती आली. नवऱ्याने आपल्या बायकोसमोर ती चौकट बोटाने दाबून धरली आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण माझं पोट कुठे गेलं?"

"सरांना पोटं जमत नाहीत," कौलताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सर कप्तानाचं आणि नकाशेवालीचं पान घेऊन आले. तेही कोरंच.

"यांना तर घरच नाही," सर म्हणाले. "जहाजावर असतात बिचारे."

"जहाजाला खोली असेल ना, सर," कौलताई टाक पुसत म्हणाल्या. "लांबीरुंदी सांगा. आणि नकाशेवाली कोणत्या कुशीवर झोपते, तेवढं ठरवून टाका."

सरांचे कान लाल झाले. पण या खेपेला ते आतल्या खोलीत गेले नाहीत. खुर्ची ओढून विचार करत बसले.