बोरूच्या बेटातली बाळंतीण

तिचं नावच केइत्सेंग, म्हणजे 'मला काय ठाऊक'. पण ओकावांगो नदीच्या पाण्यात बोरू कापण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती. म्हणून तर मुखिया मोसेपेलेनं हे लचांड तिच्याच गळ्यात मारलं.

"म्मा-ओरातिले," त्यानं तिला लेकीच्या नावानं हाक मारली, "पलीकडच्या बोरूच्या बेटात तापस बगळा आहे म्हणतात. असेल तर पिल्लं उडेपर्यंत तिथं विळा बंद. नसेल तर खुशाल कापा. तूच बघून सांग."

"अहो, पण मी तो जन्मात पाहिला नाही!"

"इथं कुणी पाहिलाय? सगळ्यांनी नुसता ऐकलाय."

आता बोला! पहाटे बेटातून बैल हंबरल्यासारखा आवाज येई, एवढीच काय ती ओळख. केइत्सेंगला तर तो मेला तिथं नसायलाच हवा होता. लेक ओरातिलेचे दिवस भरत आलेले आणि अंगणाचं बोरूचं कुंपण शेजारच्या गाढवांनी आडवं केलेलं. बाळंतिणीवर परक्याची नजर पडली म्हणजे संपलंच. दुसरं बेट होतं, पण तिथं पाणघोडे.

"आई, सरळ नाही म्हणून सांग," ओरातिले म्हणाली. "कोण बघायला जातंय?"

"आधी बघून तर येते."

तिनं काठीनं होडी ढकलत आत घातली. इकडे पिवळं-तपकिरी, तिकडे पिवळं-तपकिरी. आधी प्रत्येक बोरू बगळा वाटला, मग एकही वाटेना. डोळे नुसते गरगरले. "नाहीच मुळी!" ती हुश्श करून म्हणाली, वाकली, डाव्या मुठीत जुडी धरली आणि विळा लावला.

मुठीतला एक बोरू गरम होता.

बोरू कधी गरम असतो? तेवढ्यात मुठीतल्या मुठीत त्यानं आवंढा गिळला. तिनं हळूच वर पाहिलं. चोच आभाळाकडे, मानेवर पट्टे, आणि एक पिवळा डोळा खाली तिच्याकडेच लागलेला. तिनं मूठ सोडली, तरी तो हलेना. वाऱ्यानं बोरू डुलला तसा तोही डुलला. खाली मोडक्या बोरूंच्या गादीवर अंडी होती.

"अगं बाई, आता मी काय करू?" तिनं त्या पाखरालाच विचारलं.

इकडे आड, तिकडे विहीर. आहे म्हणावं तर लेक उघड्यावर. नाही म्हणावं तर उद्या सगळ्या गावाचे विळे इथं. बेटाच्या तोंडाशी आली तरी तिचं काही ठरेना. मग हातानंच काय ते केलं: होडीची काठी तिनं वाटेवर आडवी टाकली. त्यांच्याकडची रीतच होती, दारात आडवं लाकूड दिसलं की आत बाळंतीण. मग मुखिया असो की जावई, आल्या पावली परत. काठी गेली, तशी ती चिखलातून होडी ओढत घरी आली.

मुखिया अंगणातच बसला होता. "आहे का बगळा?"

"मला काय ठाऊक! पण आत बाळंतीण आहे. काठी टाकून आलेय."

मुखिया विळे बंद करायला उठला. ओरातिलेला मात्र रडूच फुटलं. "पाखराला आडोसा केलास! आणि माझ्या पडक्या कुंपणात काय आडवं टाकणार गं?"

केइत्सेंग आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली. खरंच, काय टाकणार? मग तिनं घरातली चटई ओढत आणली, पडलेल्या कुंपणाच्या खिंडारात अंथरली आणि तिच्यावर आडवी झाली.

"मी," ती म्हणाली. "बघू कोण ओलांडतंय."